शिल्पकार नानासाहेब करमरकर

गणेशमूर्ती कोणी घडवली, हे आपण फारसे विचारत नाही. मूर्ती आणताना भाव विचारतो, उंची विचारतो, डोळ्यांची आखणी नीट आहे का ते पाहतो. तेलंगणात हैदराबादचे धूलपेट मूर्तींसाठी नावाजलेले, तिकडे कोकणात पेण. दोन्हीकडे माती कालवणारे आणि रंग देणारे शेकडो हात आहेत, पण मूर्तीखाली कोणाचे नाव नसते. अशाच एका मूर्तिकाराच्या घरातला मुलगा पुढे देशातल्या पहिल्या रांगेतला शिल्पकार झाला. त्याचे पुतळे लोकांना ठाऊक आहेत, नाव मात्र कमी जणांना. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे येथे झाला. अलिबाग तालुक्यातले, मांडव्याजवळचे हे समुद्रकाठचे गाव. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, आता रायगड. घरात गणपती करण्याची परंपरा होती. पोराच्या हाताला माती लागली ती अशी, खेळता खेळता. शाडू किती भिजवायची, सोंड कुठे जड झाली की कोसळते, पातळ भाग आधी वाळला की तडा कसा जातो, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. ते घरातच मिळते, आणि विनायकाला ते अक्षरओळखीबरोबरच मिळाले असणार.

गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे घोड्यावरचे चित्र काढले होते. ऑटो रॉथफिल्ड नावाचे इंग्रज कलेक्टर गावी आले असता त्यांच्या नजरेला ते पडले. हा गृहस्थ कलेची जाण असलेला होता. हिंदुस्थानातील स्त्रियांवर त्यांनी पुढे एक पुस्तक लिहिले आणि त्यातली चित्रे आपल्या रावबहादूर धुरंधरांनी काढली. भिंतीवरच्या चित्राची चौकशी करून त्यांनी मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. कलेक्टरांच्या भेटी तपासणीच्या आणि शेरे मारण्याच्या असतात, हे मी सरकारी नोकर म्हणून जाणतो. एका भेटीतून शिल्पकार निघाल्याचे हे उदाहरण दुर्मीळच म्हणायचे.

तेव्हाची मुंबई कशी होती? जे. जे. स्कूल १८५७ पासून चालू होते. बाँबे आर्ट सोसायटीची प्रदर्शने १८८८ नंतर सुरू झाली होती, आणि चित्रे पाहायला जाणे हा शहरातल्या सुशिक्षितांचा रिवाज होऊ लागला होता. पण चौकातले मोठे पुतळे विलायतेहून येत. ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही बोहेम या विलायती शिल्पकाराचा. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच ‘मंदिरपथगामिनी’ घडवून एतद्देशीय माणूसही त्या तोडीचे काम करू शकतो हे दाखवले होते. करमरकर शिकायला आले तेव्हा तो दाखला ताजा होता.

शिक्षण संपल्यावर पोटापाण्याचा प्रश्न आलाच. चित्रकाराला कागद आणि रंग पुरतात. शिल्पकाराला जागा लागते, मदतनीस लागतात, प्लास्टर, धातू, दगड लागतो आणि काम देणारा धनिकही लागतो. याच सुमारास सुरेंद्रनाथ टागोरांची गाठ पडली. हे रवींद्रनाथांचे पुतणे, सत्येंद्रनाथांचे चिरंजीव. सत्येंद्रनाथांची सनदी नोकरी मुंबई इलाख्यात झालेली, त्यामुळे त्या घराला मराठी माणूस परका नव्हता. सुरेंद्रनाथांनी १९१६ मध्ये त्यांना कलकत्त्याला नेले. तिथे त्यांनी स्टुडिओ थाटला आणि व्यक्तिशिल्पे करू लागले.

सासवण्याचा मुलगा, ऐन पंचविशीत, बंगाल्यांच्या राजधानीत. भाषा वेगळी, जेवण वेगळे, शिवाय तिथल्या चित्रकलेची हवाही वेगळी. अवनींद्रनाथांच्या प्रभावाने बंगालची कला अजिंठ्याकडे आणि मोगल लघुचित्रांकडे वळली होती, तर करमरकरांचे शिक्षण हुबेहूब माणूस उभा करण्याचे. तरीही त्यांना कामे मिळाली. आपण चार पिढ्या तेलुगू मुलुखात राहणारी माणसे, त्यामुळे परमुलुखात हाताच्या कसबावर पाय रोवणे म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९२० च्या सुमारास ते लंडनला गेले, रॉयल अकॅडमीत शिकले आणि १९२३ मध्ये परतले. पुढे मुंबईला आले, आणि मग ते काम आले ज्याने त्यांचे नाव झाले.

पुण्यात शिवाजी महाराजांचे स्मारक व्हावे ही राजर्षी शाहू महाराजांची इच्छा. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली, पण ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. पुढची जबाबदारी राजाराम महाराजांवर आली. करमरकरांनी जे उभे केले ते असे : सुमारे साडेतेरा फूट उंचीचा, आठएक टन वजनाचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा. मुंबईत माझगाव डॉकमध्ये तो एकसंध ओतण्यात आला.

एकसंध म्हणजे काय, हे जरा समजून घेण्यासारखे आहे. माझे शिक्षण सिव्हिलच्या डिप्लोमापर्यंतच, त्यामुळे मला हे स्लॅबच्या भाषेत कळते. स्लॅबचे काम मध्येच थांबले की जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. धातूचे तर त्याहून कठीण. ब्राँझ साधारण हजार अंशांच्या वर वितळलेले हवे. साच्यात ते न थांबता, सगळ्या कोपऱ्यांपर्यंत पोचले पाहिजे. मध्येच निवले तर दोन भाग एकजीव होत नाहीत. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन साचा फुटतो आणि माणसे भाजतात. म्हणून मोठे पुतळे बहुधा तुकड्यांत ओतून जोडतात. एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो. एकसंध ओतकाम फसले तर महिन्यांची मेहनत आणि टनावारी धातू एकदमच जातो, आणि शिल्पकाराचे नावही जाते. घोड्याचे पाय बारीक, त्यांवर धडाचा, खोगिराचा आणि स्वाराचा भार, हा हिशेब तर निराळाच. आपल्याकडे एवढे मोठे काम असे झाल्याचे तेव्हा कोणी पाहिले नव्हते. डॉकमध्ये ते निवडले याचे कारण उघड आहे, एवढा धातू वितळवण्याची आणि उचलण्याची सोय जहाजवाल्यांकडेच होती.

ओतकाम साधले. मग पुतळा रेल्वेने पुण्याला न्यायचा. वाटेत बोरघाटातले बोगदे! एवढा उंच पुतळा त्यांतून अलगद नेणे हीसुद्धा एक मोहीमच झाली असे सांगतात. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुण्यातील आताच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर महाराजांचा घोडा काढणाऱ्या मुलाचे वय आता छत्तीस होते. पुतळा आजही तिथेच आहे. त्याच्याजवळून रोज हजारो पुणेकर जातात, पण कोणी केला म्हणून विचाराल तर किती जण सांगतील, याची मला शंका आहे.

पुढे पुतळ्यांची कामे येत राहिली. पद्मश्री मिळाली, ललित कला अकादमीचा मानही मिळाला. त्या सगळ्याची यादी करण्यापेक्षा मला त्यांचे दुसरे काम महत्त्वाचे वाटते. मोठी माणसे पैसे देऊन पुतळे करवून घेतात. म्हैस कोणाला पुतळा करायला सांगत नाही. करमरकरांनी सासवण्याच्या घरी म्हैस केली, कुत्रा केला, कोळ्यांची माणसे केली. शंख फुंकणारी आकृती केली, ती ‘शंखध्वनी’ म्हणून प्रसिद्ध आहे. मासेवाली ‘मत्स्यगंधा’ झाली. यातली बरीच कामे चक्क सिमेंटमध्ये आहेत. सिमेंट हे आमच्या खात्याचे रोजचे साहित्य, त्यातून आम्ही मोऱ्या आणि कंपाउंड भिंती काढतो. ते घट्ट व्हायला लागले की हाताशी वेळ थोडा असतो, मातीसारखी पुन्हा भिजवून दुरुस्ती नाही. त्यातून म्हशीच्या कातडीचा सैलपणा काढणे म्हणजे हात किती ठरलेला हवा!

१३ जून १९६७ रोजी नानासाहेब गेले. सासवण्याचे त्यांचे घर आता संग्रहालय आहे आणि शेदोनशे शिल्पे तिथे कुटुंबीयांनी जपून ठेवली आहेत. आपल्यापैकी पुष्कळांची मुले मुंबई-पुण्याला नोकरीला आहेत. बल्लारशाहमार्गे मुंबई गाठली की गेटवेवरून लाँचने मांडवा, आणि तिथून सासवणे रिक्षाने थोड्याच अंतरावर. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा गणपती झाल्यावर जावे. आत शिरताना म्हैस बसलेली दिसली तर जरा थांबून पाहावी, ती खरी नाही.