धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम : चिंता, श्रद्धा व सोबती



आपल्या देवळाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत एका सत्पुरुषाचें चरित्र सांगावें, असें मनांत आलें. घरोघर आशीर्वादासाठीं जातांना मला पुष्कळ दुःखें ऐकावयास मिळतात. परंतु दुःखाहूनही अधिक घरांत जी ठाण मांडून बसलेली आढळते ती चिंता होय. कोणाला मुलाच्या नोकरीची, कोणाला मुलीच्या लग्नाची, कोणाला कर्जाची, तर कोणाला दुखण्याची. पुष्कळांना वाटतें कीं, चिंता वाटणें म्हणजे श्रद्धा नसणें. म्हणून ते ती लाजेनें मनांतच दडवून ठेवतात. अशा बंधुभगिनींसाठीं हें चरित्र आहे. कारण हा पुरुष मोठा श्रद्धाळू होता, आणि स्वभावानें मोठा चिंताळूही होता.

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान शहरीं एका फ्रेंच कुटुंबांत झाला. वडील डॉक्टर होते व गरिबांवर विनामूल्य उपचार करीत. पुढें हें कुटुंब फ्रान्समधील लियों शहरीं परत आलें. आईबापांना चौदा अपत्यें झालीं. परंतु त्यांतील बहुतेक अल्पवयांतच वारलीं. ज्या घरांत मृत्यूची पावलें इतक्यांदा वाजलीं, त्या घरांतील मूल हळव्या मनाचें निघालें तर नवल नाहीं.

पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत फ्रेडरिक यांच्या मनावर एक भयंकर संकट आलें. धर्माविषयीं शंकांनीं त्यांना घेरलें. विश्वास ठेवावयाची इच्छा होती, पण मन स्थिर होईना. अखेर त्यांनीं देवापुढें नवस केला कीं, सत्याचा प्रकाश दिसला तर सारें आयुष्य त्याच सत्याच्या सेवेस वाहीन. त्या काळीं त्यांना तत्त्वज्ञान शिकविणारे धर्मगुरू आबे न्वारो यांनीं त्यांना रागें भरलें नाहीं. त्यांनीं त्या मुलाचें म्हणणें धीरानें ऐकून घेतलें, त्याला बरोबर फिरावयास नेलें आणि हळूहळू वाट दाखविली. एकट्यानें सुटलें नाहीं तें कोडें दुसऱ्याच्या संगतींत सुटूं लागलें.

१८३१ सालीं ते कायद्याच्या अभ्यासासाठीं पॅरिसला गेले. तें शहर त्यांना परकें वाटलें. घराची आठवण व धर्माची थट्टा करणारे सहाध्यायी, यांमुळें जीव कासावीस होई. सुदैवानें प्रसिद्ध शास्त्रज्ञ आंपेर यांनीं त्यांना आपल्या घरीं राहावयास जागा दिली. एके दिवशीं फ्रेडरिक उदास मनानें एका देवळांत शिरले, तों हेच थोर विद्वान एका कोपऱ्यांत गुडघे टेकून जपमाळ करीत असल्याचें त्यांना दिसलें, असें सांगतात.

त्या सुमारास कांहीं कॅथलिक विद्यार्थी एमान्युएल बाय्यी नांवाच्या संपादकाच्या आश्रयानें एकत्र जमून इतिहासावर वादविवाद करीत. एकदां एका विरोधकानें त्यांना खोंचून विचारलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं असतील, पण आज तुम्ही गरिबांसाठीं काय करतां? त्या प्रश्नाला तोंडानें देण्याजोगें उत्तर नव्हतें. २३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे फ्रेडरिक यांच्या विसाव्या वाढदिवशीं, बाय्यी यांच्या कचेरींत सहा विद्यार्थी जमले. दर आठवड्याला भेटावयाचें, प्रार्थना करावयाची, थोडें आध्यात्मिक वाचन करावयाचें, आपसांत वर्गणी गोळा करावयाची, आणि मग गरिबांच्या घरीं स्वतः जावयाचें, असें ठरलें. हे तरुण अननुभवी होते. सिस्टर रोझाली रांदू या सेवाव्रती भगिनीनें त्यांना घरें दाखविलीं, पाव मिळण्याच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबाशीं कसें बोलावें हें शिकविलें. पुढें या मंडळीनें संत व्हिन्सेंट डी पॉल यांना आपला आश्रयदाता मानलें.

दीड-दोन वर्षांतच सभासदांची संख्या शंभराच्या आसपास गेली. तेव्हां एक दुःखद प्रश्न उभा राहिला: मंडळी एकत्र ठेवावी कीं तिचे भाग करावे? जुने मित्र ताटातुटीच्या कल्पनेनें व्याकूळ झाले. याच मित्रांच्या आधारावर फ्रेडरिक उभे होते, तरीही त्यांनीं भाग करण्याचाच पक्ष घेतला. मंडळी लहान राहिली तरच एकमेकांचें दुःख एकमेकांना कळेल, आणि ज्यांना अद्याप कोणीच सोबती नाहीं त्यांनाही जागा मिळेल, हें त्यांनीं ओळखलें होतें. १८३५ सालीं मंडळी विभागली, आणि त्यामुळेंच ती वाढली.

याचा अर्थ त्यांच्या चिंता संपल्या, असा नव्हे. १८३७ सालीं वडील एका गरीब रुग्णाच्या घरीं जिन्यावरून पडून वारले. १८३९ सालीं आईही गेली. संन्यस्त जीवन पत्करावें कीं संसार करावा, या विचारांत ते कित्येक वर्षें घुटमळत राहिले. मित्रांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ही घालमेल लपविली नाहीं; आणि शेवटीं आपल्या जुन्या गुरूंचा, आबे न्वारो यांचा, विवाहाचा सल्ला त्यांनीं मानला. १८४१ सालीं आमेली सुलाक्र्वा यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. १८४५ सालीं मारी ही कन्या झाली. दरम्यान ते सोर्बोन विद्यापीठांत प्राध्यापक झाले होते. एवढा मान मिळाला, तरी गरिबांच्या घरीं जाणें त्यांनीं सोडलें नाहीं.

पुढें प्रकृति ढासळली. हवापालटासाठीं ते इटलींत गेले. २३ एप्रिल १८५३ रोजीं, चाळिसाव्या वाढदिवशीं, पिसा येथें त्यांनीं एक प्रार्थना लिहून ठेवली. त्यांत पत्नी, लहान मुलगी, अपुरीं राहिलेलीं पुस्तकें, सर्व कांहीं एकेक करून त्यांनीं देवाच्या हातीं दिलें. देणें कठीण होतें. तें कठीण आहे हेंही त्यांनीं देवापासून लपविलें नाहीं. त्याच वर्षीं ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनीं, मार्सेय शहरीं त्यांनीं देह ठेवला. मारी तेव्हां आठ वर्षांची होती. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या यात्रेमुळें हा दिवस आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं पॅरिस येथें त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केलें. सहा विद्यार्थ्यांनीं लावलेलें तें रोप आज सुमारें दीडशें देशांत पसरलें आहे, आणि आपल्या भारतांतील अनेक धर्मग्रामांतही त्याची सांवली पडते.

प्रियजनहो, आकाशांतील पांखरांकडे व रानांतील फुलांकडे पाहा, असें प्रभू येशूनें शिष्यांना शिकविलें. तें शिकवितांना त्याच्याभोंवतीं शिष्यांचा मेळा बसला होता, हें आपण विसरतों. चिंता एकट्याच्या उशाशीं रात्रभर बसते. चार सोबत्यांत ती देवापुढें मांडली, आणि मग उठून दुसऱ्याच्या दारीं गेलें, म्हणजे तिचा भार हलका होतो. म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या आळींतील पांच-सहा घरांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र यावें, जपमाळ करावी, मनांतलें बोलावें, आणि जवळचा जो आजारी किंवा एकाकी असेल त्याची भेट घ्यावी. पहिल्या बैठकीला आपल्या धर्मगुरूंना बोलवावें. तेही आपली चिंता घेऊन येतील.

धन्यवादित फ्रेडरिक यांच्या मध्यस्थीनें प्रभू आपणां सर्वांस शांति व एकमेकांची सोबत देवो, हीच प्रार्थना.