लोहियांचे अंकगणित

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. राममनोहर लोहिया यांनी फूलपूर मतदारसंघातून थेट पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना आव्हान दिले. निकालाविषयी कोणालाच शंका नव्हती. बहुधा लोहियांनाही नसावी. सुमारे ६४ हजार मतांनी ते पराभूत झाले. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या याच लोहियांकडे १९३६ मध्ये काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाची धुरा सोपविली होती ती नेहरूंनी. १८ जून १९४६ रोजी मडगावात पोर्तुगीजांचा सभाबंदीचा हुकूम मोडणारे लोहिया मराठी वाचकाला अधिक परिचित आहेत. परंतु राष्ट्रीय राजकारणावर त्यांनी उमटविलेला ठसा साठच्या दशकातील आहे.

त्या वर्षी काँग्रेसला ४५ टक्क्यांहून कमी मते पडली आणि लोकसभेच्या ४९४ पैकी ३६१ जागा मिळाल्या. काँग्रेसच्या सामर्थ्यापेक्षा विरोधकांची मतविभागणीच तिला सत्तेवर ठेवते, हा निष्कर्ष लोहियांनी त्यातून काढला. बिगरकाँग्रेसवादाचा उगम या अंकगणितात आहे. १९६३ च्या पोटनिवडणुकांत त्याची चाचणी झाली: अमरोह्यातून आचार्य कृपलानी, राजकोटहून मिनू मसानी आणि फर्रुखाबादमधून स्वतः लोहिया निवडून आले. जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय मात्र जौनपूरला हरले.

त्याच ऑगस्टमध्ये कृपलानींनी लोकसभेच्या इतिहासातील पहिला अविश्वास प्रस्ताव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, पण स्मरणात राहिला तो लोहियांचा हिशेब. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर गुजराण करतात, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा दिला. पुढे सरकारी बाजू साडेसात आण्यांपर्यंत उतरली. नियोजनाची चर्चा तोवर टक्केवारीच्या भाषेत चाले. ती गरिबाच्या खिशापर्यंत आणणे, हे संसदीय विरोधाचे अस्सल काम होते.

जनसंघाशी जवळीक मात्र त्यांच्या निकटवर्तीयांनाही रुचली नाही. पुण्याचे मधु लिमये यांनी पक्षांतर्गत विरोध केला. तेच लिमये १९६४ मध्ये बिहारमधील मुंगेरहून लोकसभेत आले आणि लोहियांचे प्रमुख सहकारी ठरले. बिहारी मतदाराने त्यांचा प्रांत पाहिला नाही, हे आज मुद्दाम नमूद करण्याजोगे वाटते.

१९६७ मध्ये गणित जुळले. काँग्रेस ५२० पैकी २८३ जागांवर आली आणि बिहार, उत्तर प्रदेशासह अनेक राज्यांत बिगरकाँग्रेस सरकारे स्थापन झाली. लोहिया स्वतः कनौजमधून पाचशेहूनही कमी मतांनी तरले. बेरजेने सत्ता मिळाली. शिस्त कोठून आणावयाची, हा प्रश्न उरला. १९५४ मध्ये गोळीबाराच्या प्रश्नावर त्रावणकोर-कोचीनमधील स्वपक्षीय मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागणारे लोहिया येथेही तडजोडीस तयार नव्हते. खासदार असूनही बिहारमध्ये मंत्री झालेल्या बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांनी पद सोडावे, असा त्यांचा आग्रह होता. मंडल यांनी पद सोडले, पण त्याबरोबर पक्षही सोडून शोषित दल उभे केले.

१२ ऑक्टोबर १९६७ रोजी दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात, शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे, ५७ व्या वर्षी लोहियांचे निधन झाले. राजधानीतील मराठी कर्मचारी आज त्या रुग्णालयाला त्यांच्याच नावाने ओळखतात. जानेवारी १९६८ मध्ये मंडल यांच्या बंडामुळे बिहारचे सरकार कोसळले. पुढच्याच महिन्यात उत्तर प्रदेशात चरणसिंगांनी राजीनामा दिला.