डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहूक

आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या नगरात झाला. वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत. मुलगा लहान असतानाच ते वारले. सोळाव्या वर्षी या मुलास अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कापड दुकानात उमेदवारीसाठी पाठविण्यात आले. विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नाहीत आणि विद्वानांची त्या काळची भाषा, लॅटिन, त्यांना येत नव्हती. पुढे डेल्फ्टला त्यांनी स्वतःचे दुकान थाटले, नगरसभेत लहानशी नोकरी धरली आणि जमीनमोजणीची सनदही मिळविली. ही मोजणीची सवयच त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी होती, असे आम्हांस वाटते.

कापडाची वीण पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूक स्वतः भिंगे घडवू लागले. पितळेच्या वा चांदीच्या दोन चिमुकल्या पत्र्यांमध्ये मण्याएवढे एकच भिंग, त्यापुढे स्क्रूने सरकणारी सुई आणि सुईच्या टोकाला नमुना. हे उपकरण डोळ्याशी अगदी जवळ नेऊन उजेडाकडे धरावयाचे. उत्रेख्त येथे जतन केलेले त्यांचे एक भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखविते.

१६७३ मध्ये डेल्फ्टचे वैद्य रेनिये द ग्राफ यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस त्यांचा परिचय करून दिला. तेव्हापासून सुरू झालेला पत्रव्यवहार मृत्यूपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे चालला. पत्रे साध्या डच भाषेत असत. स्वतःस चित्रकला अवगत नसल्याने त्यांनी चित्रकार नेमला होता. ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात, मिरी भिजत घातलेल्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव आढळल्याचे त्यांनी कळविले. लंडनच्या विद्वानांना ते सहजासहजी पटले नाही. कोणा दुकानदाराच्या शब्दावर एक अख्खी अदृश्य सृष्टी कशी मान्य करावी?

लेव्हेनहूक यांनी वाद घातला नाही. साक्षी आणि मापे पाठविली. धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित नागरिकांना त्यांनी भिंगातून पाहावयास लावले आणि त्यांची लेखी ग्वाही लंडनला धाडली. आज संगणकावरील सूक्ष्मचित्राच्या कोपऱ्यात मापाची एक रेघ असते. लेव्हेनहूक यांची रेघ म्हणजे वाळूचा कण, डोक्याचा केस किंवा रक्तातील तांबडी पेशी. अमुक जीव कणाच्या कितवा हिस्सा, मग थेंबात एकूण किती, असा त्यांचा हिशेब चाले. हिशेबाचा हा नाद कधी कोठच्या कोठे जाई! कॉड माशाच्या वीर्यातील जीवांशी तुलना करण्यासाठी १६७९ मध्ये त्यांनी पृथ्वीवर जास्तीत जास्त किती माणसे मावतील तेही काढले. उत्तर आले १३३८ कोटी ५० लाख. अखेर नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी सोसायटीच्या सभासदांना ते जीव प्रत्यक्ष दाखविले आणि १६८० मध्ये लेव्हेनहूक सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १६८३ मध्ये दातांवरील किटणात त्यांनी जीवाणू पाहिले.

एका गोष्टीचा मात्र शिक्षक म्हणून आम्हांस खेद वाटतो. आपली सर्वोत्तम भिंगे आणि सूक्ष्म जीव पाहण्याची खास रीत त्यांनी कोणालाही उघड केली नाही. तरुणांना ही विद्या शिकवावी, असे लायब्निझ यांनी सुचवूनही त्यांनी नकार दिला. शिष्यच नसल्याने ते गेल्यावर हे काम जवळजवळ शंभर वर्षे मंदावले.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सोसायटीस त्यांनी ठेवलेले चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक एकोणिसाव्या शतकात गहाळ झाले. पत्रांना जोडलेल्या नमुन्यांच्या पुड्या मात्र तशाच राहिल्या. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड यांनी त्या उघडल्या, तेव्हा बुचाचे आणि कापसाच्या बियांचे पातळ काप सुस्थितीत निघाले. फोर्ड यांनी त्यांतील काही उत्रेख्तच्या त्याच जुन्या भिंगाखाली धरले, आणि तीन शतकांपूर्वी कापलेल्या पेशींचे छायाचित्र घेतले.