ॲलिसचा घटसर्प

राणी व्हिक्टोरियाला नऊ मुलं. त्यातली ॲलिस मला सगळ्यात जवळची वाटते. १८६१ च्या डिसेंबरात वडील प्रिन्स अल्बर्ट अखेरच्या आजारात होते, तेव्हा अठरा वर्षांची ही मुलगी त्यांच्या उशाशी बसून होती. पुढच्याच वर्षी लग्न होऊन ती जर्मनीत डार्मस्टाटला गेली. तिथे नुसतं राणीपण मिरवत न बसता तिनं फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेऊन परिचारिकांच्या शिक्षणाचं काम उभं केलं.

१८७८ च्या नोव्हेंबरात तिच्या घरात घटसर्प शिरला. आधी थोरली मुलगी, मग एकामागून एक आणखी चार मुलं, शेवटी नवरासुद्धा. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो. हाताशी होती ती वाफ आणि शुश्रूषा. १६ नोव्हेंबरला चार वर्षांची मे गेली. बाकीच्या आजारी मुलांपासून ॲलिसनं ते दडवून ठेवलं. दहा वर्षांचा अर्न्स्ट मात्र बहिणीची चौकशी करतच राहिला. अखेर सांगावं लागलं. तो कोसळला, तेव्हा आईनं त्याला जवळ घेऊन मुका घेतला.

त्या मुक्यानंच तिला लागण झाली, असं तेव्हा बोललं गेलं. मला नाही पटत. सहा आजाऱ्यांचं करणाऱ्या बाईला लागण व्हायला मुकाच कशाला हवा?

१४ डिसेंबरला ॲलिस गेली. वय ३५. सतरा वर्षांपूर्वी वडील गेले, तीच तारीख.

या विषावरचा उतारा बेरिंग आणि कितासातो यांनी शोधला १८९० मध्ये. बारा वर्षांचा उशीर! हा उतारा रक्तात फिरणारं विष निकामी करतो. हृदयाच्या किंवा नसांच्या पेशीत शिरलेलं नाही. म्हणून आजही दाट संशय आला, की रिपोर्टची वाट न बघता तो देतात, जोडीला अँटिबायोटिक. घसा बरा दिसला तरी ईसीजीवर लक्ष ठेवतात, कारण हृदयाला सूज येऊ शकते. काही आठवड्यांनी घोट गिळता येईना, हातपाय लुळे पडले, असंही होतं.

आणि हा फक्त मुलांचा रोग नव्हे. लहानपणीच्या लशीचा जोर ओसरत जातो. मुलांची लशीची कार्डं माझ्या कपाटात नीट आहेत, पण माझं शेवटचं इंजेक्शन कधीचं, ते आठवेना. परवा डॉक्टरांना विचारून टीडी घेऊन आले. दंड अजून दुखतोय.