अमेरिकेतल्या छोट्याशा कॉलेजच्या गावात जातिसंस्थेवर पुस्तक लिहिलं, परत येऊन मराठीला 23 खंडांचा ज्ञानकोश दिला

आज काही अडलं की आपण खिशातला मोबाईल काढतो. तक्षशिला कुठे होती, वाफेचं इंजिन कसं चालतं, बुद्धाच्या आधीचं जग कसं होतं, काहीही विचारा. दोन सेकंदात उत्तर हजर.

आता शंभर वर्षं मागे जा. नंदुरबार, शहादा, तळोदा ही गावं तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होती. तिथल्या एखाद्या शाळामास्तरांना हीच माहिती हवी असती, तर ती मिळायची इंग्रजी ग्रंथांत, तेही मोठ्या शहरातल्या लायब्ररीत. इंग्रजी येत नसेल तर विषयच संपला.

हे चित्र बदलायचं एका माणसाने मनावर घेतलं. जगातलं ज्ञान मराठीत आणायचं, अ पासून ज्ञ पर्यंत, अशी त्याची जिद्द होती. त्याने ते करून दाखवलं आणि त्यापायी तो कफल्लकही झाला.

हा माणूस म्हणजे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 चा, रायपूरचा. वडील लवकर गेले. शिक्षण अमरावतीत आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात झालं. हुशारी होती, पण घरचा पैसा नव्हता. तरी 1906 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिका गाठली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात परदेशी शिकायला जायचं म्हणजे लंडनला. बॅरिस्टर व्हायचं किंवा आयसीएसची परीक्षा द्यायची, हा ठरलेला रस्ता. केतकरांनी तो सोडला आणि ते पोचले इथाका नावाच्या गावात.

इथाका हे न्यूयॉर्क राज्यातलं गाव. न्यूयॉर्क शहरापासून साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. कायुगा नावाच्या लांबलचक तळ्याच्या टोकाला वसलेलं, आजूबाजूला टेकड्या, दऱ्या, धबधबे आणि हिवाळ्यात बर्फच बर्फ. 1910 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या पंधरा हजारांच्याही आत होती.

पण टेकडीवर उभी होती कॉर्नेल युनिव्हर्सिटी.

ही युनिव्हर्सिटी कशी आली, तीही गोष्ट भारी आहे. एझ्रा कॉर्नेल हा फारसा शाळा न शिकलेला माणूस. तारायंत्राच्या धंद्यात त्याने बक्कळ पैसा कमावला. 1862 मध्ये अमेरिकन सरकारने कायदा केला की, शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढण्यासाठी राज्यांना सरकारी जमीन द्यायची. त्या योजनेचा आधार, एझ्राचा पैसा आणि त्याच्या मालकीची टेकडी अशी मोट बांधली गेली. सोबतीला होता अँड्र्यू डिक्सन व्हाइट हा इतिहासाचा अभ्यासक. दोघांनी 1865 मध्ये कॉर्नेलची स्थापना केली.

त्यांचा विचार त्या काळासाठी जगावेगळा होता. कुणीही यावं आणि कुठलाही विषय शिकावा. ग्रीक-लॅटिनला जेवढा मान, तेवढाच शेतीला आणि इंजिनिअरिंगला. युनिव्हर्सिटी कुठल्याही एका धर्मपंथाची नाही. काही वर्षांतच मुलींनाही प्रवेश सुरू झाला. व्हाइटने आपला हजारो पुस्तकांचा खाजगी संग्रह लायब्ररीला देऊन टाकला.

म्हणजे गाव तालुक्याएवढं, पण ग्रंथसंग्रह राजधानीच्या तोडीचा. जगभरातली पोरं तिथे यायची. 1904 मध्येच तिथे वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांचा क्लब सुरू झाला होता. पुढे चीनमध्ये बोलीभाषेत साहित्य लिहायची चळवळ उभी करणारा हू शी हा विचारवंतही 1910 मध्ये याच गावात शिकायला आला.

अशा गावात बसून केतकरांनी विषय कुठला निवडला? तर भारतातली जात.

जातीवर तोवर लिहिलं गेलं नव्हतं असं नाही. पण लिहिणारे बहुतेक ब्रिटिश अधिकारी नाहीतर युरोपियन पंडित होते. केतकर या व्यवस्थेत जन्मलेले, वाढलेले. त्यांनी मनुस्मृती समोर ठेवून जातिसंस्थेच्या इतिहासाची चिकित्सा केली. 1909 मध्ये त्यांचं ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ हे पुस्तक इथाकातूनच प्रसिद्ध झालं. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. 1911 मध्ये कॉर्नेलने त्यांना पीएच.डी. दिली.

या पुस्तकाला पुढे एक फार मोठा वाचक मिळाला. मे 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत आणखी एका मराठी विद्यार्थ्याने जातीवर निबंध वाचला. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. वय तेव्हा तेही पंचवीसच.

बाबासाहेबांनी त्या निबंधात जातीच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या. त्यांपैकी तिघे परदेशी होते आणि चौथे होते केतकर. जातीत जन्मानेच प्रवेश आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं. बाबासाहेबांनी केतकरांच्या अभ्यासाची कदर केली, पण तिथेच थांबले नाहीत. ही दोन लक्षणं वेगळी नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, बाहेर लग्न बंद केलं की बाहेरच्याचा प्रवेश आपोआप बंद होतो, असं त्यांनी दाखवलं आणि जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे, हा आपला सिद्धांत मांडला. अमेरिकेच्या एकाच राज्यात दोन मराठी तरुण काही वर्षांच्या अंतराने जातीचं कोडं सोडवत होते.

पीएच.डी. झाल्यावर केतकर लंडनमध्ये राहिले. हिंदू धर्मावरचं त्यांचं दुसरं इंग्रजी पुस्तक तिथे आलं. लंडनमध्येच त्यांची ओळख झाली एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी.

1912 मध्ये ते भारतात परतले. काही काळ कलकत्ता युनिव्हर्सिटीत शिकवलं. अमेरिकेची डॉक्टरेट, इंग्रजीत दोन पुस्तकं, हातात प्राध्यापकी. आयुष्य आरामात गेलं असतं.

पण केतकरांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. इंग्रजीत लिहून नाव होतं, पण मराठी माणसाच्या पदरात काय पडतं? ज्या भाषेत जगाचं ज्ञान नाही, त्या भाषेचा समाज कायम दुसऱ्याच्या डोक्याने विचार करणार, ही त्यांची खरी टोचणी होती.

त्यातून उभा राहिला महाराष्ट्रीय ज्ञानकोश.

कुणी संस्थानिक पाठीशी नाही, सरकारी खातं नाही, युनिव्हर्सिटी नाही. मग केतकरांनी काय केलं? चक्क लिमिटेड कंपनी काढली. नागपुरात ज्ञानकोश मंडळाची सुरुवात झाली आणि पुढे काम पुण्यात आलं. शेअर विकायचे, वर्गणीदार गोळा करायचे, लेखक आणि सहसंपादक जमवायचे, छपाई बघायची आणि हे सगळं करून स्वतः लिहायचंही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही मंडळी इथेच तयार झाली. पुढे याच दोघांनी महाराष्ट्र शब्दकोश उभा केला.

1920 ते 1927 या काळात ज्ञानकोशाचे 23 खंड निघाले. त्यातले पहिले पाच प्रस्तावनाखंड. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. म्हणजे अ पासून नोंदी सुरू करण्याआधी त्यांनी वाचकाला अख्ख्या जगाच्या इतिहासातून फिरवून आणलं. मग अकारविल्हे नोंदींचे खंड आले. काम संपल्यावर केतकरांनी या सगळ्या खटाटोपाचा इतिहासही पुस्तकात मांडला. त्यात हिशोब आहे बारा वर्षांचा.

या धावपळीतच एडिथ भारतात आल्या. मधे पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं, तरी दोघांनी एकमेकांची वाट पाहिली होती. 1920 मध्ये लग्न झालं. त्यासाठी केतकरांनी व्रात्यस्तोम हा जुना वैदिक विधी शोधून काढला आणि एडिथ हिंदू होऊन शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा गाजलेला इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला तो याच शीलवतीबाईंनी.

ज्ञानकोश पूर्ण झाला, पण घरची तिजोरी रिकामीच राहिली. केतकरांनी गुजराती ज्ञानकोशाचं कामही हाती घेतलं, पण ते पुढे सरकलं नाही. मग चरितार्थासाठी कादंबऱ्या लिहिल्या. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’. भाषा ओबडधोबड, मधेच लांबलचक चर्चा, म्हणून टीका भरपूर झाली. पण ‘ब्राह्मणकन्या’मधली कालिंदी बघा. आजीच्या भूतकाळामुळे समाज तिला लग्नाच्या बाजारात कमी लेखतो आणि ती स्वतःचा रस्ता स्वतः शोधते. इथाकात जातीचा जो प्रश्न त्यांनी अभ्यासक म्हणून हाताळला, तोच 1930 मध्ये त्यांनी एका मुलीच्या आयुष्यातून मांडला. पुढे दुर्गा भागवतांनी या कादंबऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

1931 मध्ये हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. मान मिळाला, पण पैशाची चणचण काही सुटली नाही. त्यात मधुमेहाने शरीर पोखरलं. 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात केतकर गेले. वय होतं अवघं 53.

त्यांच्यामागे शीलवतीबाईंनी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ हे आत्मकथन मराठीत लिहिलं. परक्या मुलुखातून आलेल्या बाईने नवऱ्याच्या भाषेत त्या संसाराची बाजू मांडली.

केतकरांची सगळी मतं आज पटतील असं नाही. ज्ञानकोशातल्या कित्येक नोंदी आता जुन्या झाल्यात. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही. पूर्वीच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याचं नाव धुळे झालं, 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. इथल्या पोरांच्या घरात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर बोली बोलली जाते. 1906 मध्ये मराठी पोराला ज्ञानासाठी इंग्रजीच्या दारात उभं राहावं लागत होतं. आज सातपुड्यातल्या पोराला आधी मराठीच्या आणि मग इंग्रजीच्या दारात उभं राहावं लागतं.

केतकरांचा ज्ञानकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मोबाईल आहेच हातात, एखादी नोंद उघडून बघा. आणि पावरीतला किंवा अहिराणीतला ज्ञानकोश कोण लिहिणार, याचाही विचार करा. कारण मराठीत तो लिहिणारा माणूसही सुरुवातीला एकटाच होता.