रामकिंकर बैज : श्रमिकांचा शिल्पकार

थोर शिल्पकार रामकिंकर बैज यांचा जन्म १९०६ साली बंगालमधील बांकुरा येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. परिसरातील मूर्तिकारांचे काम न्याहाळत त्यांचा हात तयार झाला. असहकार चळवळीच्या काळात त्यांनी राष्ट्रीय नेत्यांची चित्रे रंगविली. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांनी त्यांचे गुण हेरले. १९२५ साली ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी झाले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले.

१९३५ साली त्यांनी झाडांच्या सान्निध्यात एक सडपातळ तरुणी घडविली. नंदलालांच्या सूचनेवरून तिच्या मस्तकी पात्र आले आणि ती सिद्धार्थ गौतमांना खीर देणारी सुजाता झाली.

पुतळे उभारावेत ते राजांचे व सत्ताधीशांचे, अशी तेव्हाची रीत होती. रामकिंकरांची दृष्टी मात्र भोवतालच्या संथाळ मजुरांवर स्थिरावली. १९३८ सालच्या ‘संथाळ कुटुंब’ या भव्य शिल्पात कावड वाहणारा पुरुष, टोपलीतील मूल, डोईवर ओझे घेतलेली स्त्री आणि सोबतचा कुत्रा कामाच्या शोधात निघालेले दिसतात. संगमरवराऐवजी सिमेंट व जांभ्या दगडाची खडी सांगाड्यावर थापून त्यांनी ते घडविले. पृष्ठभाग खडबडीत, पण चालीत केवढा स्वाभिमान! १९५६ च्या शिल्पात गिरणीच्या भोंग्यासरशी धावणारे कामगार आले.

१९७० साली पद्मभूषण लाभलेल्या या कलावंताचे १९८० साली निधन झाले. जन्माने लादलेले स्थान त्यांनी नाकारलेच; शिवाय ज्यांचा पुतळा कोणी उभारला नसता, त्या कष्टकऱ्यांना त्यांनी ताठ मानेने उभे केले.