एडिसनने सोडून दिलेला दिवा

एडिसन म्हटलं की बल्ब, हे समीकरण शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण या माणसाने ट्यूबलाइटच्या जातीचा एक दिवाही बनवला होता. तो का सोडला, हे सांगायला हवं.

जन्म १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायोचा. शाळा जेमतेम काही महिने. ऐकू कमी यायचं. रेल्वेत पेपर विकले, तारखात्यात काम केलं. १८७९ चा बल्ब, १८८२ चं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र... हे पाठच असेल, पुढे जाऊ.

बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेतच जायची. १८९५ च्या अखेरीस राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि ते पडले की काही क्षार चमकतात, हे सगळ्यांना कळलं. एडिसनने विचार केला, की काचेला आतून असा क्षार लावला तर तापणारी तार हवीच कशाला? मग एकामागून एक क्षार तपासणं सुरू झालं. कॅल्शियम टंग्स्टेट सगळ्यांत उजळ निघालं. १८९६ मध्येच पेटंटचा अर्जही गेला.

घोळ किरणांमध्ये होता. आजच्या ट्यूबमध्ये पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात. आतला फॉस्फरचा लेप त्यांचा प्रकाश करतो आणि उरलेले किरण काच अडवते. क्ष-किरण मात्र काचेतून सरळ बाहेर येतात.

नळ्या बनवायला क्लॅरेन्स डॅली होता, काच फुंकणारा कारागीर. नळी चालते का, हे तो स्वतःचा हात समोर धरून बघायचा. रोज. केस गळले, हात भाजल्यासारखे झाले, जखमा भरेनात. आधी डावा, मग उजवा, दोन्ही हात कापावे लागले. १९०४ मध्ये तो गेला, अवघ्या ३९ व्या वर्षी. एडिसनचेही डोळे दुखले होते. हट्टी म्हणून गाजलेल्या या माणसाने क्ष-किरणांचं काम आणि तो दिवा दोन्ही बंद केलं. थांबला हे खरं, पण डॅलीसाठी उशीरच झाला होता.

पेटंट मिळालं १९०७ मध्ये. एडिसन १९३१ मध्ये वारला. १९३८ मध्ये अमेरिकेत ट्यूबलाइट बाजारात आल्या, तेव्हा निळ्या नळ्यांना आतून लेप होता त्याच कॅल्शियम टंग्स्टेटचा. पांढऱ्या नळ्यांच्या लेपात बेरिलियम होतं. त्याच्या धुळीने कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं बिघडली. १९४९ मध्ये तिथल्या कंपन्यांनी ते वापरणं थांबवलं. तोवर बेरिलियमशिवायचा हॅलोफॉस्फेटचा लेप तयार होता.